बॅकअप आहे, पण परत येत नाही : खाते बदलल्यानंतर संगणकीय नोंदी मिळविण्याचा मार्ग

कारखान्यातील चाचणी पुन्हा घेता येते. परंतु गेल्या खरिपातील पाऊस, त्या पावसात वाढलेले पीक आणि त्या पिकाचे प्लॉटनिहाय उत्पादन पुन्हा मोजता येत नाही. कोईमतूर येथील कायमस्वरूपी खत प्रयोग १९०९ पासून चालू आहे, तर अखिल भारतीय समन्वित दीर्घकालीन खत प्रयोग प्रकल्पाचा प्रारंभ १९७० मध्ये झाला. अशा प्रयोगांचे मोल त्यांच्या अखंड नोंदींत आहे. मधल्या एका वर्षाची नोंद गहाळ झाली, तर ती कितीही खर्च केला तरी पुन्हा मिळत नाही. लहान प्रमाणावर हीच गोष्ट कृषी विज्ञान केंद्राच्या माती परीक्षण नोंदींना, आद्यरेषीय पीक प्रात्यक्षिकांच्या तक्त्यांना आणि शेतकरी उत्पादक कंपनीच्या सभासद नोंदवहीलाही लागू पडते.

या नोंदी आता बहुतांशी संगणकावर असतात आणि त्यांचा बॅकअप घेण्याची दक्षताही अनेक संस्था घेतात. रोज रात्री ठरलेल्या वेळी बॅकअप पूर्ण झाल्याचा हिरवा शेरा पडद्यावर उमटतो व सर्वांना निश्चिंत वाटते. खरी परीक्षा मात्र नोंदी परत आणताना, म्हणजे रिस्टोअर करताना होते. त्या वेळी अपयश आले की दोष डिस्कवर किंवा सॉफ्टवेअरवर ठेवला जातो. प्रत्यक्षात अनेकदा कारण निराळेच असते : मधल्या काळात कोणाची तरी बदली झालेली असते, कोणी निवृत्त झालेले असते, कंत्राटी संगणकचालकाची मुदत संपलेली असते आणि त्याबरोबर संगणकावरील खाते बंद झालेले किंवा त्याचा पासवर्ड बदललेला असतो. माल गोदामात सुखरूप असावा, पण गोदाम पावती गाव सोडून गेलेल्या माणसाच्या नावावर असावी, तशी ही अवस्था होय.

बॅकअप कोणाच्या नावाने चालतो?

संस्थात्मक बॅकअप प्रणालीत एक मध्यवर्ती सर्व्हर असतो. त्यावरील कार्यक्रम रात्री एकेका संगणकाकडे जातो, तेथील फाइली वाचतो आणि त्यांची प्रत साठवणीच्या जागी ठेवतो. यासाठी त्याला प्रत्येक दारावर आपली ओळख द्यावी लागते. ही ओळख म्हणजे प्रणालीत जतन केलेले एखादे खाते व त्याचा पासवर्ड. सामान्यतः अशी चार ठिकाणे असतात : बॅकअपची सेवा ज्या खात्याने चालू होते ते, ज्या संगणकावरील फाइली वाचायच्या तेथील, प्रती जेथे साठविल्या जातात तेथील आणि परत आणलेल्या फाइली जेथे लिहायच्या तेथील. चारही ठिकाणी एकच खाते असू शकते किंवा चार वेगवेगळी असू शकतात. खाते बदलताना यांपैकी एखादे ठिकाण विसरले जाते आणि अडचण तेथेच उद्भवते.

ही अडचण लगेच दिसेलच असे नाही. विंडोज प्रणालीतील सेवा चालू होताना एकदा आपली ओळख देते आणि पुढे बहुधा तशीच चालत राहते. त्यामुळे पासवर्ड मार्चमध्ये बदलला, तरी दोष मे महिन्यात वीज जाऊन सर्व्हर पुन्हा सुरू झाल्यावर प्रकट होऊ शकतो. तोवर दोन्ही घटनांचा परस्परसंबंध कोणाच्या ध्यानात राहत नाही.

नाव तेच, खाते निराळे

एका गावात एकाच नावाचे दोन खातेदार असू शकतात. महसुली दप्तरात त्यांची ओळख खाते क्रमांकावरून पटते. विंडोजचा व्यवहारही असाच आहे. माणसाला दिसणारे नाव ही केवळ पाटी असते. संगणक प्रत्येक खात्याला एक स्वतंत्र सुरक्षा ओळखक्रमांक देतो आणि फाइलींवरील सर्व अधिकार त्या क्रमांकाच्या नावे नोंदवितो.

समजा, एखाद्या केंद्रात ‘प्रक्षेत्र’ या नावाचे खाते होते. अधिकारी बदलल्यावर कोणी तरी ते काढून टाकले आणि दोन दिवसांनी त्याच नावाने पुन्हा तयार केले. पाहणाऱ्याला काहीच फरक दिसत नाही. पण नव्या खात्याचा क्रमांक वेगळा आहे. जुन्या बॅकअपमधून फाइली अधिकारांसह परत आणल्या, तर त्या जुन्याच क्रमांकाला मालक मानतात. फाइलीच्या सुरक्षा पृष्ठावर नावाऐवजी ‘एस-१-५-२१’ ने सुरू होणारी लांबलचक संख्या दिसू लागली, की असे झाले आहे हे ओळखावे. सर्व्हर नवा घेतला किंवा सुटे संगणक एका सामायिक डोमेनखाली आणले, तरीही हीच परिस्थिती निर्माण होते.

म्हणून खाते काढून टाकण्याऐवजी ते निष्क्रिय करून ठेवावे. निष्क्रिय खाते पुन्हा चालू केले की जुना क्रमांक कायम राहतो. डोमेनमधील खाते काढून टाकले गेलेच असेल, तर विंडोज सर्व्हर २००८ आर-२ पासून उपलब्ध असलेल्या ॲक्टिव्ह डिरेक्टरी रिसायकल बिन सुविधेतून ते मूळ क्रमांकासह परत आणता येते. त्याची मुदत सामान्यतः १८० दिवसांची असते. मात्र ही सुविधा आधीपासून चालू केलेली असावी लागते. खाते गेल्यानंतर ती चालू करून उपयोग होत नाही.

घेण्याचा अधिकार वेगळा, परत ठेवण्याचा वेगळा

सर्वांत फसवा प्रकार हा आहे. विंडोजमध्ये फाइलींचा बॅकअप घेण्याचा अधिकार आणि फाइली परत ठेवण्याचा अधिकार हे दोन स्वतंत्र अधिकार आहेत. ‘बॅकअप ऑपरेटर्स’ या अंतर्भूत गटाला मुळात दोन्ही मिळतात. परंतु नवे खाते तयार करताना कोणी केवळ पहिलाच अधिकार दिला, तर रोजचा बॅकअप निर्वेधपणे पूर्ण होतो आणि रिस्टोअर मात्र ‘ॲक्सेस इज डिनाइड’ म्हणून थांबते. वर्षभर दिसणारा हिरवा शेरा अशा वेळी केवळ निम्मेच सत्य सांगत असतो. प्रत्यक्ष एखादी फाइल परत आणून पाहिल्याशिवाय हा दोष कळण्याचा दुसरा सोपा मार्ग नाही.

त्रुटी क्रमांकाचा अर्थ

त्रुटीचा संदेश दिसताच तो बंद करण्याची घाई करू नये. त्याचे छायाचित्र घ्यावे किंवा तो शब्दशः उतरवून ठेवावा. विंडोजमधील पुढील क्रमांक वारंवार आढळतात :

• ५ : प्रवेश नाकारला. ओळख पटली आहे, पण त्या जागी वाचण्याचा वा लिहिण्याचा अधिकार नाही.
• १०६९ : खात्याची ओळख न पटल्यामुळे सेवा चालू होऊ शकली नाही. बहुधा जतन केलेला पासवर्ड जुना असतो.
• १३२६ : वापरकर्त्याचे नाव किंवा पासवर्ड चुकीचा आहे.
• १३८५ : पासवर्ड बरोबर आहे, पण अशा पद्धतीने प्रवेश करण्याची, उदाहरणार्थ सेवा म्हणून चालण्याची, मुभा त्या खात्याला दिलेली नाही.
• १९०९ : खाते कुलूपबंद झाले आहे. जुना पासवर्ड जतन असलेली एखादी जागा पुनःपुन्हा चुकीचा प्रयत्न करीत असावी.

पाचव्या क्रमांकाची त्रुटी दिसत असताना पासवर्ड बदलत बसणे व्यर्थ आहे. तसेच १३२६ या त्रुटीवर अधिकार वाढवून काही साधत नाही. संदेश नीट वाचला, तर अर्धे श्रम वाचतात.

दुरुस्तीचा क्रम

१. प्रथम थांबावे. सॉफ्टवेअर काढून पुन्हा बसविणे, जुने खाते पुसणे किंवा बॅकअपचे जुने संच हटविणे यांपैकी काहीही करू नये. बॅकअप प्रणाली ठरावीक मुदतीनंतर जुन्या प्रती आपोआप काढून टाकते. दोष सापडेपर्यंत ही स्वयंचलित सफाई थांबवून ठेवावी. दुरुस्तीला तीन आठवडे लागले आणि तेवढ्यात शेवटची चांगली प्रत मुदतबाह्य झाली, तर पुढचे सारे प्रयत्न निष्फळ ठरतात.

२. बदलांची यादी करावी. शेवटचे यशस्वी रिस्टोअर केव्हा झाले आणि त्यानंतर कोणते खाते, पासवर्ड, सर्व्हर वा साठवणीची जागा बदलली, हे तारखेनुसार लिहावे. कार्यमुक्तीचे व रुजू होण्याचे आदेश येथे उपयोगी पडतात.

३. वर सांगितलेली चारही ठिकाणे एकेक करून तपासावीत. प्रत्येक ठिकाणी कोणते खाते जतन आहे ते पाहावे आणि त्याच खात्याने तो फोल्डर उघडतो का, त्यात लिहिता येते का, याची खात्री करावी.

४. एक छोटी फाइल मूळ जागी नव्हे, तर वेगळ्या रिकाम्या फोल्डरमध्ये परत आणावी. यामुळे चालू फाइलींवर जुनी प्रत लिहिली जाण्याचा धोका टळतो आणि दोषाची जागाही कळते. फाइल नीट आली, तर प्रती सुस्थितीत आहेत व दोष मूळ जागेच्या अधिकारांत आहे. बॅकअपमधील फाइलींची यादीच दिसत नसेल, तर साठवणीच्या जागेचे खाते तपासावे. यादी दिसते पण लिहिताना काम थांबते, असे असल्यास लिहिण्याचा किंवा परत ठेवण्याचा अधिकार अपुरा आहे. फाइल आली पण उघडत नाही, तर फाइलीवरील जुने अधिकार अथवा सांकेतिक कुलूप यांचा विचार करावा.

५. नवा पासवर्ड सर्व ठिकाणी एकाच वेळी भरावा. खाते कुलूपबंद झाले असल्यास आधी सर्व जागा दुरुस्त कराव्यात आणि मग कुलूप काढावे. अन्यथा काही मिनिटांत ते पुन्हा बंद होते.

६. जुन्या ओळखक्रमांकाचे अधिकार आडवे येत असतील, तर अधिकारांशिवाय केवळ मजकूर परत आणण्याचा पर्याय निवडावा. तो उपलब्ध नसेल, तर प्रशासकाने परत आलेल्या फोल्डरची मालकी घेऊन योग्य गटाला नव्याने अधिकार द्यावेत.

७. परत आलेली फाइल उघडून पाहावी. तक्त्यातील ओळींची संख्या, प्लॉटची संख्या आणि एकूण बेरजा छापील अहवालाशी पडताळाव्यात. पडताळणी झाल्यावर चाचणीसाठी आणलेली प्रत काढून टाकावी. तीत शेतकऱ्यांची नावे व दूरध्वनी क्रमांक असू शकतात.

या घाईत एक उपाय हमखास सुचविला जातो : बॅकअपच्या खात्याला संपूर्ण डोमेनचे सर्वोच्च अधिकार देऊन टाकावेत. त्याने काम होते हे खरे. पण तेच खाते उद्या खंडणीखोर संगणकीय हल्लेखोराच्या हाती लागले, तर मूळ नोंदी आणि बॅकअप दोन्ही एकदमच जातात. तात्पुरती गरज भासली तरी काम होताच वाढीव अधिकार काढून घ्यावेत.

डेटाबेस आणि सांकेतिक कुलूप

माती परीक्षणाच्या नोंदी एसक्यूएल सर्व्हरसारख्या डेटाबेसमध्ये असतील, तर आणखी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. बॅकअपची फाइल वाचण्याचे काम पडद्यासमोर बसलेल्या व्यक्तीचे खाते करीत नाही; ते डेटाबेस सेवेचे खाते करते. म्हणून व्यक्तीला फाइल दिसत असूनही डेटाबेस ती उघडू शकत नाही व पाचव्या क्रमांकाची त्रुटी येते. त्या फोल्डरचा वाचनाधिकार सेवेच्या खात्याला दिला की प्रश्न सुटतो. दुसरे असे की, डेटाबेस नव्या सर्व्हरवर परत आणल्यास त्यातील वापरकर्ते त्या सर्व्हरवरील लॉगिनपासून तुटलेले असू शकतात. नोंदी आलेल्या असतात, परंतु कोणालाच आत जाता येत नाही. अशा वापरकर्त्याला पुन्हा योग्य लॉगिनशी जोडण्याची आज्ञा उपलब्ध आहे. डेटाबेस पुसून पुन्हा आणण्याची आवश्यकता नसते.

सांकेतिक कुलूप लावलेल्या बॅकअपचा नियम अधिक कठोर आहे. खात्याचा पासवर्ड आणि बॅकअपची किल्ली या भिन्न वस्तू आहेत. आज किल्ली बदलली, तरी गेल्या वर्षीची प्रत सामान्यतः गेल्या वर्षीच्याच किल्लीने उघडते. म्हणून जुन्या किल्ल्या, त्या कोणत्या कालावधीसाठी होत्या याच्या नोंदीसह, जपून ठेवाव्यात. किल्ली हरवल्यास त्या नोंदी हरवल्या असेच समजावे.

क्लाऊड आणि मोबाइल

नोंदी क्लाऊडवर आहेत म्हणून हा प्रश्न सुटत नाही. येथे तर मुदती अधिक कडक आहेत. गूगल वर्कस्पेसमध्ये प्रशासकाने काढून टाकलेले खाते २० दिवसांपर्यंत परत आणता येते, तर मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये हा अवधी ३० दिवसांचा आहे. तोच ई-मेल पत्ता वापरून नवे खाते उघडले, तरी ते नवेच असते. जुन्या फाइली त्याच्यामागे आपोआप येत नाहीत. कर्मचारी कार्यमुक्त होण्यापूर्वी त्याच्या फाइलींची मालकी हस्तांतरित करणे हाच खात्रीचा उपाय होय.

विस्तार कार्यकर्ते आणि शेतकरी गट यांचा दैनंदिन व्यवहार पुष्कळदा व्हॉट्सॲपवर चालतो : रोगग्रस्त पानांची छायाचित्रे, सल्ला, मागणी, वाटपाच्या याद्या. अँड्रॉइड फोनवरील त्याचा बॅकअप मोबाइल क्रमांक आणि गूगल खाते या दोहोंशी जोडलेला असतो. नवीन फोन घेताना दुकानदाराने नवे गूगल खाते उघडून दिले, तर जुना बॅकअप सापडतच नाही. अशा वेळी जुने संभाषण नाही म्हणून पुढे जाऊ नये. आधी फोनमध्ये जुने गूगल खाते जोडावे आणि मग व्हॉट्सॲप पुन्हा बसवून बॅकअप शोधावा. आयफोनचा बॅकअप आयक्लाऊडवर जातो. तो अँड्रॉइड फोनवर तसाच उतरत नाही. बॅकअपला संपूर्ण सांकेतिक कुलूप लावलेले असेल, तर त्याचा पासवर्ड, ६४ अंक-अक्षरी किल्ली किंवा निवडलेले अन्य प्रमाण याशिवाय तो उघडत नाही. गटाच्या महत्त्वाच्या याद्या केवळ संभाषणात न ठेवता स्वतंत्र तक्त्यात उतरविणे श्रेयस्कर.

ठेव संस्थेच्या नावे असावी

कृषी क्षेत्राला या तत्त्वाचे एक उत्तम उदाहरण परिचित आहे. नॉर्वेतील स्वालबार्ड येथील जागतिक बियाणे कोठार २००८ मध्ये सुरू झाले. तेथे ठेवलेले बियाणे परत घेण्याचा अधिकार केवळ ठेव ठेवणाऱ्या पेढीलाच असतो. सीरियातील अलेप्पोजवळ असलेल्या इकार्डा या संशोधन संस्थेला युद्धामुळे आपल्या जनुकपेढीचे काम तेथून चालविणे अशक्य झाले, तेव्हा तिने २०१५ मध्ये या कोठारातून आपले बियाणे परत मागितले. कोठारातून झालेली ती पहिलीच उचल होती. मोरोक्को व लेबनॉन येथे त्या बियाण्याची पुन्हा वाढ करण्यात आली आणि २०१७ मध्ये नव्याने मिळालेल्या बियाण्याची ठेव परत कोठारात ठेवण्यात आली. संस्थेचे ठिकाण बदलले, माणसे विखुरली. परंतु ठेव संस्थेच्या नावे असल्याने ती तिला मिळाली. संगणकीय नोंदींची ठेवही याच रीतीने ठेवली पाहिजे.

कार्यभार सोपविताना करावयाच्या गोष्टी

• बॅकअपसाठी स्वतंत्र संस्थात्मक खाते असावे. ते कोणत्याही अधिकाऱ्याच्या वा कंत्राटदाराच्या वैयक्तिक नावाचे वा ई-मेलचे नसावे.
• फोल्डरचे अधिकार व्यक्तीला न देता गटाला द्यावेत. नवा अधिकारी गटात घेतला आणि जुना वगळला की पुरे.
• खाते कोणकोणत्या ठिकाणी जतन आहे, याची एक पानी यादी ठेवावी व पासवर्ड बदलताना ती समोर घ्यावी.
• बॅकअपच्या किल्ल्या मोहोरबंद पाकिटात, किमान दोन जबाबदार व्यक्तींना माहीत असलेल्या जागी ठेवाव्यात.
• नोंदींच्या तीन प्रती, दोन भिन्न माध्यमांवर आणि त्यांपैकी एक दुसऱ्या ठिकाणी, हा प्रचलित नियम पाळावा.
• प्रत्येक हंगामाच्या अखेरीस, तसेच खात्यात कोणताही बदल झाल्यावर, एक फाइल परत आणून पाहावी आणि तारीख, फाइलीचे नाव व निष्कर्ष नोंदवहीत लिहावा.

पेरणीपूर्वी बियाण्याची उगवणशक्ती तपासावी, असे विस्तार कार्यकर्ते शेतकऱ्याला दर हंगामात सांगतात. पोत्यावरील खूणचिठ्ठी पाहून कोणी समाधान मानीत नाही. शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून मोजले जातात. बॅकअपचीही उगवणशक्ती अशीच मोजावी लागते आणि त्यासाठी योग्य वेळ म्हणजे जुना अधिकारी कार्यमुक्त होण्याच्या आदला दिवस. त्या दिवशी नव्या अधिकाऱ्याने स्वतःच्या खात्याने एक फाइल परत आणून दाखविली, तरच संगणकीय नोंदींचा कार्यभार पूर्णपणे हस्तांतरित झाला असे मानावे.